प्लेअरसाठी व्हिडिओ कन्व्हर्ट केला की आवाज मागेपुढे होतोय, काय करू?

भाकरतुकडा:
नमस्कार मंडळी. आईसाठी एक छोटा व्हिडिओ प्लेअर घेतलाय, ४.३ इंची स्क्रीनवाला, मेमरी कार्ड घालायचं आणि बघायचं, बाकी काही भानगड नाही. (स्मार्टफोन द्या असं कृपया सांगू नका, फोन हातात आला की ती आधी व्हॉट्सॅपमधे शिरते आणि मग डोळे चुरचुरतात म्हणून मलाच फोन करते.) तिला कीर्तनं, नाट्यसंगीत, घरातले कार्यक्रम असलं बघायचं असतं आणि ते सगळं माझ्याकडे आहे पण तऱ्हेतऱ्हेचं आहे. मामाची मिरजेला मैफल झाली ती मोबाईलवर शूट केलेली, कीर्तनाच्या जुन्या व्हीसीडी, आणि भावाच्या मुंजीची डीव्हीडी, जी एका दुकानातून व्हीएचएस कॅसेटवरून करून आणलेली.

प्लेअरला ४८०×२७२ ची एव्हीआय फाईल चालते, एमपीफोर कधी चालते कधी नॉट सपोर्टेड म्हणतो. नेटवरून एक फुकटचं कन्व्हर्टर घेतलं, त्यात "पोर्टेबल प्लेअर" असं प्रोफाईल होतं ते लावून सगळं कन्व्हर्ट केलं. आता मामाच्या मैफलीत सुरुवात झकास आहे पण पुढे पुढे आवाज मागे पडत जातो, शेवटी तर मामा तान संपवून पाणी पितोय आणि आवाज अजून तानेतच अडकलाय! चाळीस मिनिटांच्या रेकॉर्डिंगमधे शेवटी वीसेक सेकंदांचा घोळ आहे. मुंजीचं उलटं, तिथे गुरुजींचे ओठ हलायच्या आधी मंत्र ऐकू येतो. कीर्तनात अर्ध्यापर्यंत काही नाही आणि मग एकदम बिघडतं. मूळ फायली कॉम्प्युटरवर व्हीएलसीमधे लावल्या तर तिन्ही व्यवस्थित दिसतात, म्हणून डोकं चालेना झालंय. कुणी मदत करेल का?

टिकलू:
दुसरं कन्व्हर्टर वापरून बघा, फुकटची सगळी अशीच असतात

स्लो_लोकल:
फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं) २५ करा सगळीकडे. आपल्याकडे टीव्हीची पाल पद्धत आहे, पाल म्हणजे २५. मोबाईल ३० ने शूट करतो म्हणून फरक पडतो. व्हर्च्युअलडब नावाच्या व्हिडिओ एडिटरमधे व्हिडिओ मेनूत फ्रेमरेट मधे जाऊन २५ टाका, झालं काम.

गंजलेला_खिळा:
थांबा, थांबा. २५ टाकून काम होणार नाही, झालंच तर वाढेल.

व्हर्च्युअलडबच्या त्या खिडकीत दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्यात कायम गल्लत करतात. वरच्या भागात "चेंज फ्रेम रेट टू" आहे, ते फक्त फाईलवरचं लेबल बदलतं, फ्रेम तेवढ्याच राहतात, मग ३० ची फाईल २५ म्हणून चालवली की चित्र रेंगाळत चालतं आणि चाळीस मिनिटांचा व्हिडिओ अठ्ठेचाळीस मिनिटांचा होतो, आवाज मात्र चाळीसचाच. खालच्या भागात "कन्व्हर्ट टू एफपीएस" आहे ते खरोखर फ्रेम गाळतं किंवा दुप्पट करतं आणि वेळ तेवढीच ठेवतं. त्यामुळे "२५ टाका" एवढंच सांगितलं की समोरचा माणूस हमखास चुकीच्या रकान्यात टाकतो.

भाकरतुकडा ताई, तुमच्या तीन फायलींना तीन वेगळे आजार आहेत, एक औषध तिघांना लागू पडणार नाही. कुठलंही बटण दाबायच्या आधी फरक कसा वागतो ते बघायचं. फाईल सुरुवातीला, मधे आणि शेवटी अशी तीन ठिकाणी बघा. सगळीकडे सारखाच फरक असेल तर आवाजाची नुसती सुरुवात सरकलीये. फरक वाढत जात असेल तर चित्र आणि आवाज वेगवेगळ्या वेगाने चाललेत. एका जागी अचानक फरक पडून मग तेवढाच राहत असेल तर त्या जागी काहीतरी हरवलंय. तुम्ही वर लिहिलंय त्यावरून मैफल दुसऱ्या प्रकारची, कीर्तन तिसऱ्या आणि मुंज बहुतेक पहिल्या, पण मुंजीचा शेवट एकदा तपासा.

मूळ फाईल व्हीएलसीमधे बरी दिसते याचं कारण सोपं आहे, व्हीएलसी प्रत्येक फ्रेमवर लिहिलेली वेळ वाचतं आणि त्याप्रमाणे दाखवतं. एव्हीआयमधे फ्रेमगणिक वेळ लिहायची सोयच नाही, एकदा वर लिहिलं ३० की सगळ्या फ्रेम तीस-तीसच्या हिशोबाने पळणार. १९९२ सालचा फॉरमॅट आहे तो, तेव्हा मोबाईलवर व्हिडिओ काढायचं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

आता मीडियाइन्फो नावाचं छोटं सॉफ्टवेअर घ्या, मैफलीची मूळ फाईल त्यात उघडा आणि फ्रेम रेट मोड, फ्रेम रेट, आणि आवाजाचा सॅम्पलिंग रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने) काय म्हणतो ते इथे लिहा. कन्व्हर्ट झालेल्या फाईलचंही.

भाकरतुकडा:
मूळ फाईल: फ्रेम रेट मोड व्हेरिएबल, फ्रेम रेट २९.७५०, मॅक्सिमम ३० च्या आसपास. आवाज ४८.० किलोहर्ट्झ.
कन्व्हर्ट झालेली: फ्रेम रेट ३०.०००. व्हिडिओची लांबी ३९ मिनिटं ४० सेकंद दाखवतोय आणि ऑडिओची ४० मिनिटं. म्हणजे हेच ते वीस सेकंद का?

मुंजीचा शेवट बघितला, तिथेही तेवढाच फरक आहे, वाढत नाहीये. पाव सेकंद असेल अंदाजे.

गंजलेला_खिळा:
हो, हेच ते वीस सेकंद. हिशोब करून बघा, ४० मिनिटं म्हणजे २४०० सेकंद, गुणिले २९.७५, झाल्या ७१,४०० फ्रेम. त्या ३० च्या वेगाने पळवल्या की २३८० सेकंदात संपल्या. कन्व्हर्टरने फ्रेम सगळ्या घेतल्या, वेळा फेकून दिल्या.

मोबाईल असं का करतो तर उजेड कमी पडला की प्रत्येक फ्रेमला जास्त वेळ प्रकाश लागतो, मग तो गुपचूप ३० वरून खाली उतरतो आणि उजेड आला की परत वर येतो. मैफलीला हॉलमधले दिवे मालवले असणार. त्यामुळे फरक एकसारखा वाढत नाही, अंधारात भराभर वाढतो आणि उजेडात जवळजवळ थांबतो.

स्लो_लोकल:
मग त्याच खिडकीत "व्हिडिओ आणि ऑडिओची लांबी जुळवा" असाही पर्याय आहे ना, तो लावला की दोन्ही ४० मिनिटांचे होतील. हे तर नक्की चालेल.

गंजलेला_खिळा:
सुरुवात जुळेल, शेवट जुळेल, मधलं बोंबलेल. समजा पहिला अर्धा भाग अंधारात होता आणि सगळे वीस सेकंद तिथेच गेले, तर तुमचा पर्याय ते वीस सेकंद चाळीस मिनिटांत सारखे वाटणार, म्हणजे मध्यावर दहा सेकंदांचा फरक तसाच. वेग पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखा चुकलेला असेल तिथेच तो पर्याय चालतो.

कॅसेटवाला_नागपूर:
जी तिथे चालतो म्हणजे कुठे ते मी सांगतो, माझा धंदाच व्हीएचएस डिजिटल करायचा आहे. कॅप्चर कार्ड चित्र घेतं आणि आवाज बरेचदा साऊंड कार्डातून वेगळा येतो, दोघांची घड्याळं वेगळी. साऊंड कार्ड म्हणतं मी सेकंदाला ४८,००० सॅम्पल घेतो पण खरं घेतं ४७,९९० वगैरे, मग तासाला पाऊण सेकंदाचा फरक पडतोच. तो अगदी सरळ रेषेत वाढतो म्हणून तिथे लांबी जुळवा पर्याय मस्त बसतो, किंवा आवाज ऑडॅसिटी नावाच्या ऑडिओ एडिटरमधे घेऊन चेंज स्पीड करायचं. चेंज टेम्पो नाही हं, तो पट्टी तशीच ठेवून लय बदलतो आणि एवढ्याशा फरकासाठी आवाजाची उगाच चिरफाड करतो.

दुसरं म्हणजे कॅसेट झिजलेली असली की कार्ड फ्रेम गाळतं. त्याला टाईम बेस करेक्टर (कॅसेटच्या चित्राची डगमगती वेळ सरळ करणारं यंत्र) लागतो, तो नसला की तीन तासांच्या लग्नात सप्तपदी येईपर्यंत भटजीचा आवाज आणि नवरदेव वेगवेगळ्या मांडवात असतात. ताईंच्या मुंजीत फरक शेवटपर्यंत तेवढाच आहे म्हणजे दुकानवाल्याने कॅप्चर नीट केलंय, ती गडबड डीव्हीडीवरून फाईल काढताना झालीय.

गंजलेला_खिळा:
बरोबर. डीव्हीडीच्या व्हीओबी फाईलमधे चित्र आणि आवाज एकाच क्षणी सुरू होतील असं नसतं, दोघांच्या सुरुवातीच्या वेळा आत लिहिलेल्या असतात. कन्व्हर्टरने दोन्ही शून्यापासून सुरू केलं की तेवढा फरक कायमचा राहतो. डीजीइंडेक्स नावाच्या प्रोग्रॅमने व्हीओबीमधून आवाज वेगळा काढला तर तो फाईलच्या नावातच लिहून देतो, डिले इतके मिलिसेकंद, उणे की अधिक. तोच आकडा घ्यायचा. नको असेल तर व्हीएलसीमधे कन्व्हर्ट झालेली फाईल लावा आणि के दाबत जा, दर दाबाला आवाज ५० मिलिसेकंद मागे ढकलला जातो, जे दाबलं तर उलटं. ओठ जुळले की वर आलेला आकडा लिहून ठेवा. मग एव्हीडेमक्स नावाच्या व्हिडिओ एडिटरमधे डावीकडे आवाजाच्या खाली शिफ्ट आहे तिथे टाका, व्हिडिओ आणि ऑडिओ दोन्ही कॉपीवर ठेवा आणि सेव्ह करा, परत कन्व्हर्ट करायची गरज नाही. चिन्ह उलटं पडलं तर फरक दुप्पट दिसेल, लगेच कळतं.

मैफलीसाठी हँडब्रेक नावाचं कन्व्हर्टर घ्या. व्हिडिओ टॅबमधे फ्रेमरेट ३० निवडा आणि त्याच्याच खाली कॉन्स्टंट फ्रेमरेट. त्याच्या बऱ्याच प्रीसेटमधे तिथे पीक फ्रेमरेट असतं, ते असंच सोडलं तर सगळी मेहनत वाया. कॉन्स्टंट केलं की अंधारात जिथे फ्रेम कमी आहेत तिथे तो आधीचीच फ्रेम पुन्हा टाकून जागा भरतो, म्हणजे वेळ बरोबर राहते. हँडब्रेक एव्हीआय बनवत नाही (२००९ च्या ०.९.४ आवृत्तीत काढून टाकलं त्यांनी), म्हणून आधी एमपीफोर बनवा, क्वालिटी आरएफ १८ वगैरे ठेवा म्हणजे दुसऱ्यांदा कन्व्हर्ट करताना चित्राचा चोथा होणार नाही, आणि मग तीच फाईल एव्हीडेमक्समधून ४८०×२७२ करून एव्हीआयमधे काढा. व्हिडिओला एक्सव्हिड, त्याच्या सेटिंगमधे बी-फ्रेम शून्य. आवाजाला एमपीथ्री, सीबीआर (सेकंदाला डेटा कायम तेवढाच) १२८. व्हीबीआर (डेटा कमीजास्त होणारा) अजिबात नको, एव्हीआयच्या पोटात व्हीबीआर एमपीथ्री मुळात जुगाड करूनच बसवलेला असतो आणि छोट्या प्लेअरला तो जुगाड कळेलच असं नाही.

पट्टीचा_पक्का:
एक विचारू का, मैफलीत आवाजाची पट्टी तर बदलली नाही ना? कारण ४४.१ किलोहर्ट्झचा आवाज कुणी ४८ समजून वाजवला तर वेग जवळपास नऊ टक्क्यांनी वाढतो, काळी एकमधे गाणारा माणूस पांढरी दोनच्याही वर जाऊन बसतो. व्हीसीडीचा आवाज ४४.१ चा असतो आणि डीव्हीडीचा ४८ चा, दोन्हीचा ढीग एकत्र कन्व्हर्ट करताना हे हमखास होतं असं ऐकून आहे.

भाकरतुकडा:
नाही हो, पट्टी तीच आहे. मामाची काळी दोन, ती हलली असती तर आईने आधी मलाच झापलं असतं :)

हडसनकाठचा:
आमच्याकडची भर. इथे न्यू जर्सीत गणपतीतला नाटकाचा प्रयोग कुणीतरी हँडिकॅमवर घेतो, तो एनटीएससी (इकडची टीव्हीची पद्धत), म्हणजे फ्रेमरेट २९.९७, आणि सॉफ्टवेअर त्याला सरळ ३० म्हणून टाकतं. दिसायला काहीच फरक नाही पण हजारात एक म्हणजे तासाला ३.६ सेकंद. तिसऱ्या अंकापर्यंत विनोद आधी आणि हशा नंतर अशी पाळी येते, म्हणजे तशी ती एरवीही येते पण हे जास्तच. हा सरळ रेषेतला प्रकार आहे, लेबल २९.९७ केलं की सुटतो, म्हणजे स्लो_लोकल यांची वरची खिडकीच कामाला येते, फक्त आकडा वेगळा.

स्लो_लोकल:
चला, खिडकी तरी कामाला आली :)
पण मला सांगा, एवढं पाव सेकंद वगैरे माणसाला खरंच जाणवतं का? मी तर टीव्हीवर कधी लक्षच दिलं नाही.

पट्टीचा_पक्का:
जाणवतं, आणि दोन्ही बाजूंनी सारखं जाणवत नाही. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची बीटी.१३५९ म्हणून शिफारस आहे, त्यात आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद आधी आला तर लक्षात येतो आणि मागे मात्र १२५ मिलिसेकंदांपर्यंत पडला तरी चालून जातो असं धरलंय. आवाज हवेतून सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास चालतो, मंगल कार्यालयात चौतीस मीटर लांब मागे बसलं की स्टेजवरचा नुसता आवाज आपल्यापर्यंत शंभर मिलिसेकंद उशिरा येतो, त्याची कानाला सवय असते. ओठांच्या आधी शब्द कधीच ऐकू येत नाही म्हणून ताईंना मुंजीचे मंत्र जास्त खटकले असणार.

तबल्याला तर फारच खटकतं. आणि जुळवायचं असेल तरी ओठ बघत बसू नका, चिपळ्या किंवा टाळ बघा. बुवांच्या चिपळ्या मिटलेल्या दिसतात ती फ्रेम आणि ऑडॅसिटीत आवाजाचं टोक, दोन्ही एकदम स्पष्ट सापडतात. २५ च्या व्हिडिओत एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, त्याहून जास्त अचूक व्हायच्या मागे लागू नका.

भाकरतुकडा:
अपडेट. मैफल जुळली!! हँडब्रेकमधे कॉन्स्टंट ३० करून मग एव्हीडेमक्स, शेवटच्या भैरवीपर्यंत ओठ आणि आवाज एकत्र. मुंजीला व्हीएलसीत २५० आलं, शिफ्टमधे टाकलं, गुरुजीही रांगेत आले. खिळाभाऊ शतशः आभार.

पण आता नवीन नाटक. मैफलीची फाईल कॉम्प्युटरवर एकदम बरोबर आहे आणि प्लेअरवर दहाबारा मिनिटांनी चित्र किंचित मागे पडतं. थोडं पुढे ढकललं की परत जुळतं. इअरफोन वायरवालाच आहे, ब्लूटूथ नाही.

गंजलेला_खिळा:
ब्लूटूथ नाही हे आधीच सांगितलंत ते बरं केलंत, तिथे आवाज शंभर-दोनशे मिलिसेकंद उशिरा येणं नेहमीचंच आणि लोक फाईलला शिव्या देत बसतात.

पुढे ढकललं की जुळतं म्हणजे फाईल निर्दोष आहे, प्लेअरचा जीव कमी पडतोय. आवाज उलगडायला फार ताकद लागत नाही म्हणून तो वेळेत निघतो, चित्र मागे राहतं, पुढे ढकललं की दोघं नव्याने एका रेषेत उभे राहतात. (ढकलल्यावर उलट बिघडलं असतं तर मी व्हीबीआर आवाजावर किंवा फाईलच्या इंडेक्सवर संशय घेतला असता.) व्हिडिओचा बिटरेट (सेकंदाला किती डेटा) किती ठेवलाय? एव्हीडेमक्समधे मुकाट्याने जे होतं ते ठेवलं असेल तर भरमसाट असेल. सरासरी बिटरेटचा पर्याय घेऊन ६००-७०० करा, ४.३ इंचाला पुष्कळ झाला. तरी रखडला तर फ्रेमरेट ३० चा १५ करा, पण "बदलून", लेबल नाही, एव्हीडेमक्सच्या फिल्टरमधे रीसॅम्पल एफपीएस आहे ते. बैठकीच्या गाण्यात १५ काही वाईट दिसत नाही, माणूस बसलेलाच असतो. आणि कार्ड जुनं असेल तर दुसरं घालून बघा.

कॅसेटवाला_नागपूर:
ह्यावरून ते जुने चिनी एमपीफोर प्लेअर आठवले, एएमव्ही फाईल खाणारे, १६०×१२० चं चित्र आणि आवाज २२,०५० हर्ट्झ मोनो. त्यात फ्रेम आणि आवाजाचा तुकडा एकाआड एक बसतो म्हणून फ्रेमरेट असा घ्यावा लागायचा की २२,०५० ला पूर्ण भाग जाईल, १४, १५, २५ असा. १६ घेतला की तुकडा १३७८ सॅम्पलचा आणि वर थोडं उरतं, ते उरलेलं प्रत्येक फ्रेमला सांडत जातं. लोकांनी त्यावर आख्खे सिनेमे बघितलेत राव.

भाकरतुकडा:
बिटरेट खरंच २००० च्या वर होता. ७०० केला, सध्या तरी नीट चाललंय. आता राहिलं कीर्तन. सगळ्या व्हीसीडीत नाही, दोनच डिस्कमधे अर्ध्यानंतर एकदम दोन सेकंदांचा फरक पडतो. त्या डिस्कवर ओरखडे आहेत, हे कारण असेल का?

गंजलेला_खिळा:
हेच कारण. व्हीसीडीवर व्हिडिओ ज्या पद्धतीने लिहितात त्यात एका सेक्टरमधे २३२४ बाइट बसवतात, साध्या डेटा सीडीत २०४८ च असतात. ही जास्तीची जागा चूक दुरुस्त करायचा एक थर काढून टाकून मिळवलेली आहे. म्हणून ओरखडा आला की डेटा सीडी वाचेल तिथे व्हीसीडीचा तुकडा जातो. चित्राचा आणि आवाजाचा सारखाच जातो असंही नाही, आणि कन्व्हर्टर उरलेलं एकमेकांना चिकटवून मोकळा होतो.

आधी डिस्क मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. मग दुसऱ्या एखाद्या कॉम्प्युटरच्या ड्राईव्हमधे घालून एमपीईजीएव्ही फोल्डरमधली डीएटी फाईल परत कॉपी करून बघा, ड्राईव्ह ड्राईव्हमधे जमीन अस्मानाचा फरक असतो, एकाला न वाचलेलं दुसरा आरामात वाचतो. तेवढ्याने भागलं तर उत्तम. नाही भागलं तर एमपीईजी स्ट्रीमक्लिपमधे उघडा, एडिट मेनूत फिक्स टाईमकोड ब्रेक्स आहे ते चालवा, मग पुढचं नेहमीसारखं. हरवलेलं परत येणार नाही, तिथे चित्राला एक धक्का बसेल पण पुढचं कीर्तन जुळलेलं राहील. तेही नाही जमलं तर ज्या जागी बिघडतं तिथे एव्हीडेमक्समधे फाईलचे दोन तुकडे करा आणि दुसऱ्या तुकड्याला वेगळा शिफ्ट द्या. प्लेअरवर भाग एक, भाग दोन असं ठेवलंत तरी आईंना काही अडचण नाही, व्हीसीडीत तसंही दोन-दोन डिस्क बदलायची सवय असेल.

भाकरतुकडा:
आहेच. पूर्वरंग एकीत, उत्तररंग दुसरीत. शेजारच्यांच्या ड्राईव्हमधे आज बघते. आणि उरलेल्या सगळ्या फायली एकदम लावून रात्रभर ठेवल्या तर चालेल का, की एकेक करायला हवी?

गंजलेला_खिळा:
हँडब्रेकमधे क्यू आहे, लावा रात्रभर. फक्त मोबाईलच्या फायलींचा गट वेगळा, कॉन्स्टंट ३० ने, आणि व्हीसीडी-डीव्हीडीचा वेगळा, कॉन्स्टंट २५ ने. आणि डीव्हीडीला शिफ्ट प्रत्येकीचा वेगळा निघेल, मुंजीचे २५० बाकीच्यांना चिकटवू नका.